बिनअंड्याचा केक

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक गृहस्थ औषधांचं दुकान चालवत होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडं सोसत नव्हतं. इंग्रजांचं कस्टर्ड म्हणजे दूध तापवून त्यात अंडी घोटायची. ते तिला आवडे, पण खाता येत नसे. नवरा रसायनं जाणणारा. त्याने १८३७ साली मक्याच्या पिठीवर दूध दाट करून अंड्याशिवायचं कस्टर्ड बनवलं. पुढे त्याचीच पावडर डब्यांतून विकायला लागली. तिला यीस्टही चालत नव्हतं, म्हणजे पाव बंद. मग १८४३ साली यीस्टशिवाय पीठ फुलवणारी बेकिंग पावडर त्याने तयार केली.

आपल्या लग्नांत उन्हाळ्यात फ्रूट कस्टर्ड असतं आणि केकच्या दिवशी आपण डब्यातून चमचाभर बेकिंग पावडर काढतो. या दोन्ही गोष्टी मुळात अंडं न खाणाऱ्या एका बाईसाठी निघाल्या, हे किती जणींना ठाऊक आहे? तिचं कारण पोटाचं होतं, आपलं अहिंसेचं आहे. डबा मात्र एकच. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण 'अंड्याशिवायचा केक म्हणजे केकची नक्कल' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते १९८५ च्या दरम्यान, आमच्या डोईफोडियात केक हा शब्दच अंड्याचा समजला जाई. खकनार तालुक्यातलं हे गाव, सातपुड्याच्या कुशीतलं. केक यायचा तो बऱ्हाणपूरहून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि बहुतेक बदलून आलेल्या एखाद्या साहेबाच्या घरी. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावणं असे. केक कापला की जैनांच्या मुलांच्या हातात वेगळी बशी येई, त्यात चिवडा आणि एक पेढा. देणाऱ्या काकूंचा हेतू अगदी चांगला असे. "तुमच्यात चालत नाही ना, बेटा," असं म्हणून त्या प्रेमानेच देत. पण सात-आठ वर्षांच्या पोरीला पेढा गोड लागत नाही हो अशा वेळी. व्रत मोडावं असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि सगळ्यांच्या ओळीत बसावं असं मात्र फार वाटत होतं. आपल्या घरांत केक शिरला तो या ओढीने. इंग्रजी थाटाची हौस त्यात असेलही थोडी, पण ती नंतरची.

आता घरच्या बायकांना केक जमला कसा? मला वाटतं, अर्धं काम त्यांना आधीच येत होतं.

बऱ्हाणपूरची मावा जिलबी सगळ्यांना माहीत आहे. तिच्याइतकाच इथला दराबाही नावाजलेला आहे. दराब्याचं सगळं मर्म फेटण्यात आहे. तूप आणि पिठीसाखर हाताच्या तळव्याने फेटत राहायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत, आणि भाजलेला रवा त्यात जिरवायचा. हात भरून येतात. पण त्या फेटण्याने तुपात हवेचे बारीक बारीक कण अडकतात, म्हणून दराबा जिभेवर विरघळतो. केकचं पुस्तक उघडा. पहिली ओळ काय असते? लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेटा! आमच्या आजीला हे वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, "हा तर दराबाच की."

दुसरी ओळख नानकटाईची. तिची कथा सुरतेची आहे. सुरतेला डच लोकांची वखार होती. त्यांच्या पदरी पाव भाजणारे पारशी कारागीर होते. डच निघून गेल्यावर फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांनी ती भट्टी पुढे चालवली, असं सांगतात. गिऱ्हाईक आता गुजराती वाणी आणि जैन. अंडं आणि ताडी घातलेला माल त्यांना कसा चालणार? तेव्हा दोन्ही वगळून मैदा, तूप, साखर यांवर खुसखुशीत नानकटाई उभी राहिली. खरेखोटेपणाचा बारीक तपशील बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. न खाणाऱ्या गिऱ्हाइकाने भट्टीवाल्याला बदलायला लावलं.

सुरत आपल्याला परकी नाही. आपली तापी बऱ्हाणपूरवरून वाहत जाऊन सुरतेजवळच समुद्राला मिळते. मोगलांच्या काळात सुरत-बऱ्हाणपूर हा हमरस्ता होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि जहांगीराकडे जाताना त्याच वर्षी नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला. या वाटेने कापड गेलं, अफू गेली, माणसं आली-गेली. नानकटाईही याच वाटेने वर आली असेल असं मला आपलं वाटतं. दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घरून द्यायची आणि भट्टीवरून डबे भरून नानकटाई आणायची, ही रीत आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली आहे. आमच्याकडे त्यात एक अट असे. घरातलं एक माणूस भट्टीपाशी उभं राहणार, कारण त्याच पत्र्यावर आधी काय भाजलं गेलं हे कुणी पाहिलं होतं? आणि पत्रा घरच्या तुपानेच पुसायचा.

नानकटाई खुसखुशीत असते, तिला फुलून उभं राहावं लागत नाही. केकला लागतं. अंडं केकमध्ये दोन-तीन कामं एकदम करतं. फेटलं की हवा धरतं, तापलं की घट्ट होऊन सगळं बांधून ठेवतं, आणि ओलावा देतं. ते काढलं की ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. इथे आटवलेल्या गोड दुधाचा डबा कामाला आला. अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी १८५६ साली दूध निर्वात भांड्यात आटवण्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे १९६१ साली पंजाबात मोगा इथे नेस्लेचा कारखाना उभा राहिला आणि पुढे मिल्कमेडचा डबा गावोगावच्या दुकानांत दिसू लागला. त्यातून ज्या कृती पसरल्या, त्यांत बिनअंड्याचा केक घरोघर गेला. १९६६ साली मुंबईत शाकाहारी स्वयंपाकाचे वर्ग सुरू करणाऱ्या तरला दलाल यांचंही ऋण मानलं पाहिजे. मूळच्या पुण्यात जन्मलेल्या. १९७४ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, २००७ साली पद्मश्री मिळाली. स्वयंपाकासाठी पद्मश्री! ज्या कामाला घरात कुणी काम म्हणत नाही, त्यासाठी.

डब्याचा केक आमच्याकडे असा होई. एक डबा, म्हणजे ४०० ग्रॅम दूध, १२५ ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि पेलाभर दूध. मैदा, पावडर, सोडा तीनदा एकत्र चाळायचं. लोणी आणि आटीव दूध दराब्यासारखं फेटायचं. मग मैदा घालायचा आणि इथून पुढे हात आखडता घ्यायचा, कारण मैदा फार घोटला की चिवट होतो आणि केक चपातीच्या वाटेला जातो. सोडा ओला झाला की त्याच क्षणी कामाला लागतो, तेव्हा भांडं आधी तापलेलं हवं. 'जरा फोन घेऊन येते' हे चालत नाही.

अवन कुणाकडे होता? जाड बुडाच्या भगुन्यात दोन बोटं वाळू, तिच्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. आधी पंधरा मिनिटं वाळू तापू द्यायची, मग आत केकचं भांडं ठेवायचं आणि मंद आचेवर पाऊण तास. काही घरांत प्रेशर कुकर, शिट्टी आणि रबर काढून. पहिली पंचवीस-तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, पोरांनी कितीही मागे लागलं तरी. अंडं नसल्यामुळे आतला सांगाडा फक्त मैद्याच्या बळावर उभा असतो, तो पक्का होण्याआधी गार हवा लागली की मधोमध बसतो. शेवटी विणकामाची सुई टोचायची. कोरडी निघाली की झालं. नंतर काचेचं झाकण असलेले अ‍ॅल्युमिनियमचे गोल विजेचे अवन आले, पण वीज आपल्या मर्जीने येई-जाई. वाळू भरवशाची.

शहरातल्या पाहुण्या नाक मुरडत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत अंडी, दूध, लोणी वाचवायचं होतं, तेव्हा तिथल्या गृहिणी तिन्ही वगळून मनुका उकळवून केक करत आणि त्याला अभिमानाने 'वॉर केक' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये माणशी आठवड्याला एक अंडं मिळे आणि १९४० साली केकवर साखरेचं आयसिंग करायला सरकारने बंदीच घातली. मग लग्नात पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा सजवलेला उंच केक भाड्याने आणत आणि त्याच्याखाली छोटासा खरा केक झाकून ठेवत. आपल्या देशातला पहिला नाताळचा केकही हाती असेल त्यावरच झाला म्हणतात. १८८३ साली केरळात थलश्शेरीला मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने मांबल्ली बापू या बेकरीवाल्याला विलायती केक दाखवला आणि तसा करायला सांगितलं. बापूंनी परदेशी ब्रँडीऐवजी काजूची बोंडं आणि केळ्यांची गावठी दारू घातली. साहेब खूश झाला. तो केक आपल्या कामाचा नाही, पण बापूंचं डोकं आपल्यासारखंच चाललं.

सजावटीची गोष्ट जास्त अवघड आहे, आणि आपण तिकडे कमी बघतो. केकवरचं ते पांढरं कडक आयसिंग पाहिलंय? राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नाचा केक असाच पांढरा होता. त्या आयसिंगमध्ये साखरेबरोबर अंड्याचा पांढरा भाग असतो. म्हणजे आतला केक बिनअंड्याचा आणि वरचं फूल अंड्याचं, असंही होऊ शकतं. जेलीत आणि मार्शमॅलोत जिलेटिन, ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून निघतं. काही लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून होतात, डब्यावर १२० हा क्रमांक असतो. चांदीचा वर्ख तर जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत आले आहेत. आणि जिला दुकानदार 'फ्रेश क्रीम' म्हणतो, ती बहुधा दुधाची नसतेच. १९४५ साली अमेरिकेत रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटून फुलणारी साय तयार केली, आजची बेकरीतली क्रीम त्याच जातीची, वनस्पती तेलाची. त्यात हिंसा नाही, पण दुधाच्या भावाने ती विकत घ्यायची का, हा वेगळा हिशेब.

घरची सजावट साधी होती. घरचं पांढरं लोणी, पिठीसाखर, गुलाबीसाठी बिटाचा रस नको (कंदमूळ!) म्हणून कोकमाचं दाट पाणी दोन थेंब. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवायची, कोपरा कापायचा, की झाला आयसिंगचा कोन. बाजारातली टूटी-फ्रूटी म्हणजे कच्ची पपई साखरेत मुरवलेली, आणि ती लालचुटूक 'चेरी' म्हणजे बहुतेक वेळा आपलं रंगवलेलं करवंद. मला ते कळलं तेव्हा केवढं हसू आलं! विलायतेहून आली समजून आम्ही भावंडं जिच्यासाठी भांडायचो, ती आमच्याच सातपुड्यातली निघावी.

२००१ साली पाकिटांवर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. त्याने मोठी सोय झाली. भट्टीपाशी उभं राहण्याचं, तुपाने पत्रा पुसण्याचं काम त्या ठिपक्यावर गेलं. पण सुटा केक, ऑर्डरचा केक यावर ठिपका कुठे असतो? तिथे अजूनही विचारावंच लागतं, आणि विचारताना संकोच वाटू देऊ नये. केकला अंडं नाही, हे ऐकून थांबायचं नाही. वरचं काय, रंग कोणता, भांडं वेगळं का, हेही विचारायचं. चांगला बेकरीवाला रागावत नाही. दोतीवालांच्या काळापासून त्याला सवय आहे.

ज्या घरांत शोध पाळतात तिथे बाजारचा मैदाही चालत नाही. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. अशा घरी मी घरी दळलेल्या गव्हाचं पीठ दोनदा वस्त्रगाळ करून केक करते. थोडा जड होतो. त्याला आपल्या जिल्ह्याचं केळं सांभाळून घेतं. सालीवर काळे ठिपके पडलेली दोन केळी कुस्करून घातली की ओलावाही येतो आणि पीठही बांधलं जातं. डब्याचं दूध लागतच नाही, दही आणि सोडा पुरतो. यीस्ट नाही, अंडं नाही, आंबवणं नाही.

नाताळच्या सुटीत इंदूर, जळगाव, अकोल्याहून नातवंडं येतात आणि एकतीस डिसेंबरची पार्टी हवी म्हणतात. रात्री बाराला केक कापण्याचा प्रश्नच नाही. डिसेंबरअखेर आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून उलटा हिशेब लावायचा. सकाळी नऊला वाळू तापवायची, साडेदहापर्यंत केक बाहेर. तीन तास तरी गार होऊ द्यायचा, कोमट केकवर लोणी वितळून घसरतं. दुपारी दोनला सजावट पोरांच्या हाती सोपवायची, नावाची अक्षरं वाकडी आली तरी पुसायची नाहीत. साडेचारला सगळी आळी जमते, कोरकू पाड्यावरची वर्गमित्रंही असतात. एकच केक, सगळ्यांना एकाच बशीतला. पाचला बश्या घासायला पडलेल्या असतात.