अक्षरं चिपमध्ये राहायची तेव्हा

तुम्ही वेलिंग्टनमध्ये राहत असलात, तरी पॉली-१ हे नाव बहुधा ऐकलं नसेल. १९८० साली इथल्या पॉलिटेक्निकमध्ये नील स्कॉट आणि पॉल ब्रायंट या दोन शिक्षकांनी शाळांसाठी हा कॉम्प्युटर बनवला. सरकारने मोठ्या खरेदीचा शब्द दिला आणि मग फिरवला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

जुनी यंत्रं उघडणारे आधी पॉवर सप्लायमधले कपॅसिटर बघतात. मला पॉली-१ मधली दुसरीच चिप खुणावते: एसएए५०५०. मूळची टीव्हीवरच्या टेलीटेक्स्टसाठीची. अक्षरांचे आकार तिच्यातच कायमचे कोरलेले, एकूण ९६. त्यात इंग्रजी ए आहे, प्रश्नचिन्ह आहे, क नाही. चित्र म्हणून तो काढता येईल, पण टाइप करता येणार नाही.

सुरुवातीच्या आयबीएम पीसीचीही हीच गत. टेक्स्ट मोडमध्ये २५६ आकार, सगळे रॉममध्ये, प्रत्येकाला सारखीच चौकट. आता त्यात ‘स्थिती’ बसवा! पहिली वेलांटी उच्चारात थ नंतर येते, पण दिसते स च्याही आधी.

यावर उत्तर निघालं तेही हार्डवेअरचंच. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. तिथलं जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये खोचलं, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टारमध्ये मराठी टाइप व्हायचं. वर्डस्टारला पत्ताच नसायचा. तो नुसते बाइट पाठवायचा, जोडाक्षरं कार्ड जुळवायचं.

त्या बाइटांचं मानक म्हणजे इस्की. १९९१ साली ते आयएस १३१९४ म्हणून ठरलं. खालचे १२८ क्रमांक इंग्रजीचे, वरचे भारतीय लिप्यांचे. इस्कीत क म्हणजे १७९. पण कार्ड नसलेल्या साध्या डॉस पीसीवर १७९ म्हणजे एक उभी रेघ! क पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं तिथे चौकटींच्या रेघा होऊन बसतात. त्यामुळे आजोबांच्या फ्लॉपीवर असल्या रेघांचं जंगल दिसलं, तर फाइल बिघडली म्हणून फेकून देऊ नका. ते पत्र असू शकतं. बाइटांचे क्रमांक इस्कीच्या तक्त्याशी ताडून बघा. पीसीसाठी क्रमांकांची वेगळी मांडणीही होती, तेव्हा एक तक्ता चालला नाही तर दुसरा लावा.

तुमच्या फोनमध्येही हे सगळं शिल्लक आहे. युनिकोडची देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र इस्कीच्या पद्धतीने लिहायचा तर ऱ ला हलन्त जोडायचा. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. पण आजीच्या जुन्या मेलमध्ये हा शब्द शोधायला गेलात, तर तिने लिहिलेला ‘दुसऱ्या’ तुमच्या ‘दुसऱ्या’ला सापडेलच असं नाही.