लोझानची टपालमते आणि अमरावतीचा हुतूतू

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी हा प्रात्यक्षिक खेळ होता, असे वाक्य आपल्याकडे लेखांत आणि सत्कारांच्या भाषणांत वर्षानुवर्षे फिरते आहे. अमरावतीत ते अधिक अभिमानाने म्हटले जाते, कारण त्या खेळाडूंना पाठवणारी संस्था होती श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. हा अभिमान मला मान्य आहे, पण ते वाक्य जसेच्या तसे मान्य करता येत नाही. बर्लिनच्या अधिकृत नोंदीत प्रात्यक्षिक म्हणून दोनच खेळ आहेत, बेसबॉल आणि ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाविना विमान उडवणे. तरीही मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि त्याने तिथे हुतूतू, म्हणजेच कबड्डी, खेळून दाखवला, हेही खरेच आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे कळायला पाच वर्षे मागे, बर्लिनची निवड झाली तिथे जावे लागते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन २५ आणि २६ एप्रिल १९३१ला बार्सिलोनात भरले. यजमानपदाच्या शर्यतीत तेच शहर बर्लिनचे मुख्य प्रतिस्पर्धी होते. १९२९च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले मोंज्युइकचे स्टेडियम तयार होते. पण १४ एप्रिलला स्पेनमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले होते, राजा देश सोडून गेला होता. अशा वेळी बार्सिलोनाला जायला बरेच सदस्य धजावले नाहीत. हजेरी जेमतेम विसेक जणांची. एवढ्याशा बैठकीत निर्णय घेणे बरे दिसेना, म्हणून गैरहजर सदस्यांची मते टपालाने मागवायचे ठरले. १३ मे १९३१ला लोझानमध्ये मोजणी झाली. बर्लिनला ४३, बार्सिलोनाला १६, आणि ८ जण तटस्थ.

या ४३ मतांकडे आजच्या माहितीच्या चष्म्यातून पाहिले तर चुकीचा निवाडा होतो. मत मिळाले ते जर्मन प्रजासत्ताकाच्या राजधानीला. १९१६चे ऑलिंपिक याच शहराला दिलेले होते, ते पहिल्या महायुद्धात बुडाले; १९२० आणि १९२४च्या स्पर्धांतून जर्मनीला वगळण्यात आले. १९३१चा कौल हा त्या देशाला पुन्हा पंगतीत बसवण्याचा होता. थिओडोर लेवाल्ड यांच्या अध्यक्षतेखाली संयोजन समिती २४ जानेवारी १९३३ला स्थापन झाली, आणि सहाच दिवसांनी, ३० जानेवारीला, हिटलर चॅन्सेलर झाला. लोझानला ज्यांनी मते दिली त्यांनी हा यजमान निवडला नव्हता. मात्र १९३३नंतर यजमान बदलण्याची संधी असताना ती घेतली नाही, याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय समितीवर राहतेच. जर्मन ज्यूंना संघांतून वगळले जाणार नाही अशा आश्वासनांवर तिने समाधान मानले. बहिष्काराची मागणी अमेरिकेत डिसेंबर १९३५मध्ये थोडक्यात फेटाळली गेली. बार्सिलोनाने जुलै १९३६मध्ये पर्यायी लोक-ऑलिंपिक भरवायचे ठरवले. उद्घाटनाच्या तोंडावरच स्पेनमध्ये यादवी पेटली.

आता वऱ्हाडाकडे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत काढले. आखाडा, मल्लखांब, लाठी, हुतूतू, खोखो यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप देणे हा त्यांचा उद्योग. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ या मंडळात होते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला, कागदोपत्री मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. वऱ्हाडाच्या सार्वभौमत्वाविषयी इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात नवा करार झाला तोही १९३६च्याच ऑक्टोबरात. ज्या प्रदेशाला स्वतःचा धनी कोण हे ठरवण्यात आवाज नव्हता, त्या प्रदेशातली मुले बर्लिनला निघाली. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी मूर्तिजापूर, अकोला, शेगाव करत जाते. बंदर गाठायचे तर वाट हीच.

बर्लिनला स्पर्धांच्या बाजूने यजमानांनी मोठा पसारा मांडला होता. त्यात शारीरिक शिक्षण घेणाऱ्या नाना देशांच्या विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय शिबिर होते, परिषदा होत्या, खेळांची प्रात्यक्षिके होती. अमरावतीच्या संघाची जागा या पसाऱ्यात होती, पदकांच्या कार्यक्रमात किंवा यजमानांच्या दोन अधिकृत प्रात्यक्षिक खेळांत नव्हती. म्हणून पुढच्या पिढ्यांचे ‘ऑलिंपिकमध्ये कबड्डी’ हे वाक्य ‘ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये कबड्डी’ असे वाचायला हवे. हे म्हटल्याने मंडळाचे काही कमी होत नाही. स्वतःचे सरकार नाही, राष्ट्रीय महासंघाचे पाठबळ नाही, आणि एका जिल्ह्याच्या गावातली व्यायामसंस्था आपले देशी खेळ थेट युरोपात नेऊन दाखवते, ही गोष्ट मला कुठल्याही प्रात्यक्षिक दर्जापेक्षा मोठी वाटते.

त्याच पंधरवड्यात बर्लिनमध्ये आणखी एक यजमान निवडला जात होता. ८ ऑगस्टला फुटबॉलच्या उपांत्यपूर्व सामन्यात पेरूने ऑस्ट्रियाला ४–२ असे हरवले. प्रेक्षक मैदानात घुसल्याच्या तक्रारीवरून तो सामना रद्द ठरवून पुन्हा खेळायचा हुकूम झाला. पेरूचा संघ खेळला नाही आणि घरी परतला. दक्षिण अमेरिकेत संताप पसरला. १२ तारखेला बेसबॉलचे प्रात्यक्षिक झाले, १५ला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ असे नमवले. या दोहोंच्या मध्ये, १३ ऑगस्टला, फिफाच्या काँग्रेसने १९३८च्या विश्वचषकाचा यजमान ठरवला. दावेदार तीन: फ्रान्स, अर्जेंटिना आणि स्वतः जर्मनी. फ्रान्स पहिल्याच फेरीत जिंकला.

अर्जेंटिनाचा युक्तिवाद साधा होता. १९३०ची स्पर्धा उरुग्वेत झाली, १९३४ची इटलीत, तर आता पाळी समुद्रापलीकडची. फिफाचे अध्यक्ष झ्यूल रिमे हे फ्रेंच होते, हे विसरून त्या निकालाकडे पाहता येत नाही. जर्मनीला नाकारले हे बरेच झाले; अर्जेंटिनाला डावलले हा अन्याय होता, असे माझे मत आहे. अर्जेंटिना आणि उरुग्वे १९३८ला गेलेच नाहीत. आशियातून एकच संघ पोचला, डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. त्यांची स्पर्धा ५ जूनला रँस शहरात हंगेरीकडून ०–६ अशा एका सामन्यात संपली. वसाहतीतले खेळाडू, सत्ताधाऱ्याने दिलेले नाव, परकी भूमी: अमरावतीच्या मुलांचे जवळचे सोबती मला तेच वाटतात. भारताचा फुटबॉल महासंघ १९३७ साली उभा राहिला आणि फिफाचा सदस्य १९४८ साली झाला. बर्लिनच्या त्या मतदानात आपला हात वर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

हुतूतूची पुढची वाटही यजमान बदलले तशी बदलत गेली. १९३८ला कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली. १९८२ला आशियाई खेळ दिल्लीत झाले तेव्हा ती प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली, १९९०ला बीजिंगमध्ये तिला पदके लागली. ऑलिंपिकमध्ये मात्र प्रात्यक्षिक खेळांचा प्रकारच १९९२नंतर बंद झाला. तो शेवटचा यजमान होता बार्सिलोना, १९३१ला हरलेले शहर.

आज फुटबॉलच्या विश्वचषकाचा यजमान फिफाचे सर्व सदस्य महासंघ मिळून ठरवतात. २०२६साठी मोरोक्को हरला, पण निदान खरे मतदान झाले होते, १३४ विरुद्ध ६५. ११ डिसेंबर २०२४ला २०३० आणि २०३४चे यजमान एकाच बैठकीत, टाळ्यांनी ठरले. २०३४साठी सौदी अरेबियाखेरीज दावेदारच नव्हता. ज्या निवडीत ‘नाही’ म्हणायला जागा नसते तिला निवड म्हणणे मला जड जाते. लोझानच्या कागदावर १६ विरोधी मते तरी दिसतात.

भारताने २०३६च्या ऑलिंपिकसाठी इरादापत्र दिले आहे. बर्लिनला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होतील. यजमान शहराच्या संयोजकांना आता जादा खेळ सुचवता येतात, आणि कबड्डी व खोखो यांची नावे घेतली जात आहेत. त्या प्रस्तावात १९३६चा उल्लेख येणारच. तो येईल तेव्हा कागदाला धरून यावा: अमरावतीचे मंडळ, बर्लिन शहर, अधिकृत कार्यक्रमाबाहेरचे प्रात्यक्षिक. प्रतिस्पर्धी देशाच्या एखाद्या अभ्यासकाने बेसबॉल आणि ग्लायडिंगचे पान पुढे केले, तर वऱ्हाडाचा खरा दावा खोट्या वाक्यापायी अडचणीत येऊ नये.