जळालेल्या घराचे भाडे : लंडनचे अग्निन्यायालय आणि गृहविम्याचा उदय

अग्निविम्याचा उगम लंडनच्या १६६६ मधील भीषण आगीत आहे, असे विम्याच्या इतिहासग्रंथांतून सामान्यतः सांगितले जाते. आगीने भय उत्पन्न केले आणि भयातून विमा जन्मास आला, अशी ही उपपत्ती होय. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. आग विझल्यापासून पहिली विमाकचेरी स्थिरपणे उघडेपर्यंत जवळजवळ चौदा वर्षे लोटली. ह्या अवधीत लंडनच्या नागरिकांना सर्वांत अधिक ग्रासणारा प्रश्न असा होता की, जळालेले घर हे कोणाचे नुकसान समजावयाचे : मालकाचे की भाडेकऱ्याचे? गृहविम्याला जे रूप आले ते ह्या प्रश्नातून आले. मात्र विम्याने तो प्रश्न सोडविला नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

सतराव्या शतकातील लंडनमध्ये राहत्या घराचा स्वामी आणि त्यात राहणारा कुटुंबप्रमुख हे बहुधा एक नसत. जमीन एखाद्या धर्मसंस्थेची, व्यापारी संघाची अथवा सरदाराची असे. तिच्यावरील घर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने एकाकडे जाई, तो ते दुसऱ्यास देई आणि दुसरा त्यातील खोल्या तिसऱ्यास देई. पट्ट्यात दोन अटी प्रायः असतच. भाडे ठरल्या वेळी द्यावयाचे, ही पहिली. घर दुरुस्त स्थितीत राखून मुदतीअंती परत करावयाचे, ही दुसरी.

ह्या अटींचा अर्थ किती कठोरपणे लावला जाई, हे ‘पॅराडाइन विरुद्ध जेन’ ह्या १६४७ मधील निवाड्यावरून कळते. यादवी युद्धात राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने एका पट्टेदारास जमिनीवरून हुसकून लावले होते. तिचा उपभोग मिळाला नाही, तेव्हा त्या काळाचे भाडे देणे लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. स्वतःच्या कराराने जो बांधला गेला आहे, त्याने आपत्तीचा अपवाद करारातच घालून घ्यावयास हवा होता, असा ह्या निर्णयाचा आशय आहे. हेच तत्त्व आगीस लावले असता भाडेकऱ्याची स्थिती काय होते, हे सांगावयास नको. घर जळाले तरी भाडे चालू, आणि दुरुस्तीच्या अटीमुळे घर पुन्हा उभारण्याचा भारही त्याच्याच शिरावर.

२

तत्कालीन इंग्लिश पंचांगानुसार २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात लागलेल्या आगीने सुमारे १३,२०० घरे आणि ८७ धर्मपीठांची चर्चे भस्मसात केली. आता तत्त्वाचा प्रश्न एकाएकी सहस्रावधी कुटुंबांचा प्रश्न झाला. कायदा अक्षरशः अमलात आणला असता तर ज्यांचे सामानसुमान जळाले त्यांनीच परक्याचे घर बांधून द्यावयाचे आणि वर भाडेही भरावयाचे, असे झाले असते. भाडेकरू ते करू शकत नव्हते. मालकांना नुसत्या खटल्यांतून घरे मिळाली नसती, आणि दोघेही थांबले असते तर शहर ओसाडच राहिले असते.

ह्या पेचातून मार्ग काढण्यासाठी पार्लमेंटने फेब्रुवारी १६६७ मध्ये एक विशेष न्यायालय स्थापिले. त्यास अग्निन्यायालय असे नाव पडले. वरिष्ठ न्यायालयांतील तीन अथवा अधिक न्यायाधीश क्लिफर्ड्स इन येथे बसत आणि नेहमीचे तांत्रिक सोपस्कार बाजूस ठेवून निकाल देत. सर मॅथ्यू हेल ह्यांच्यासारखे नामांकित न्यायाधीश त्यात होते. मध्ये खंड पडत हे काम १६७६ पर्यंत चालले.

ह्या न्यायालयाची कार्यपद्धती अभ्यसनीय आहे. अटीचा शब्दार्थ काय, ह्यापेक्षा बांधण्याची ऐपत व तयारी कोणाची आहे, ह्याकडे ते प्रथम पाही. भाडेकरू बांधावयास तयार असल्यास त्याचे भाडे कमी करावे आणि घातलेला पैसा वसूल व्हावा म्हणून पट्ट्याची मुदत वाढवून द्यावी, अशी रीत पडली. पहिल्या कायद्याने ही मुदत चाळीस वर्षांपर्यंत नेण्याची मुभा दिली होती. भाडेकरू असमर्थ असल्यास पट्टा रद्द करून जागा मालकाकडे परत जाई. केव्हा केव्हा सुटकेच्या मोबदल्यात त्यास काही रक्कमही द्यावी लागे. थोडक्यात, आधीच घडून गेलेले नुकसान दोन पक्षांत वाटून देण्याचे काम हे न्यायालय करीत होते. विम्यातही नुकसानीची वाटणीच असते. भेद इतकाच की ती आपत्तीपूर्वी ठरते आणि अनेकांत विभागली जाते.

३

ही वाटणी धंदा म्हणून करावयास पुढे आला तो निकोलस बार्बन. शिक्षणाने वैद्य असलेला हा गृहस्थ व्यवसायाने घरबांधणी करणारा होता. जमीन पट्ट्याने घ्यावी, तीवर घरांच्या रांगा उठवाव्या आणि ते पट्टे विकावे, असा त्याचा उद्योग. १६८०-८१ च्या सुमारास रॉयल एक्स्चेंजच्या पिछाडीस त्याने व त्याच्या भागीदारांनी घरांच्या विम्याची कचेरी थाटली. तिचे दर ध्यानात घेण्यासारखे आहेत : दर पौंड वार्षिक भाड्यामागे विटांच्या घरास ६ पेन्स आणि लाकडी घरास १२ पेन्स, म्हणजे भाड्याच्या अनुक्रमे अडीच व पाच टक्के. आगीनंतरच्या कायद्याने नवी घरे विटांची अथवा दगडाची बांधण्याची सक्ती केली होती. तिचे फळ निम्म्या दराच्या रूपाने येथे दिसते.

परंतु अधिक अर्थपूर्ण गोष्ट ही की, विम्याचा हप्ता भाड्याच्या मापाने मोजला गेला. ह्या व्यवहारात घर म्हणजे भाडे देणारी वस्तू होती. त्यात राहणाऱ्याची भांडीकुंडी, कपडेलत्ते, हत्यारे ह्यांना त्यात स्थान नव्हते. १६९६ मध्ये स्थापन झालेली ‘हँड इन हँड’ ही परस्पर-साहाय्याच्या तत्त्वावरील संस्थाही आरंभी घरांचाच विमा उतरवी. सामानाच्या विम्याची योजना चार्ल्स पोव्ही ह्याने १७०८ मध्ये काढली, आणि १७१० पासून ‘सन’ विमाकचेरीने ती चालविली. मालकाची वास्तू आणि भाडेकऱ्याची चीजवस्तू ह्यांच्या संरक्षणात असे सुमारे तीन दशकांचे अंतर पडले.

४

विमा रूढ झाल्यावर जुना प्रश्न नव्या वेषात पुढे आला : विम्याचा पैसा कोणाचा? ॲन राणीच्या कारकीर्दीतील १७०७ च्या कायद्याने, घरात अपघाताने आग लागल्यास रहिवाशावर नुकसानीचा दावा आणता येणार नाही, असे ठरविले. परंतु करारातील अटी तशाच राहिल्या. १७७४ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. घरात हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीने मागणी केल्यास विमाकचेरीने रक्कम घराच्या पुनर्बांधणीसच लावली पाहिजे, असे त्याने सांगितले. हा अधिकार भाडेकऱ्यासही पोचतो. मात्र पैसा मालकाच्या हाती पडण्यापूर्वी मागणी व्हावयास हवी. ‘लीड्स विरुद्ध चीथम’ ह्या १८२७ च्या निवाड्यात तर मालकाने घेतलेल्या विम्याची रक्कम पुनर्बांधणीस लावण्याची सक्ती भाडेकऱ्यास करता येत नाही, आणि तोवर भाड्याची मागणीही थांबविता येत नाही, असे ठरले.

विसाव्या शतकात ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू उघड झाली. मालकास भरपाई दिल्यावर विमाकंपनी त्याच्या जागी उभी राहून, निष्काळजीपणाने आग लागली म्हणून भाडेकऱ्यावरच दावा आणू लागली. १९७५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या न्यायालयाने असा एक दावा फेटाळला. भाड्यातूनच हप्ता भरला जातो, म्हणून विरुद्ध करार नसल्यास भाडेकरू हाही मालकाबरोबरचा विमेदारच मानला पाहिजे, असे त्याने म्हटले. हे मत सर्व राज्यांनी स्वीकारले असे नाही.

५

भारतीय कायद्याने आरंभीच निराळी वाट धरली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमानुसार आग, वादळ, पूर, सैन्याचा अथवा जमावाचा अत्याचार ह्यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाल्यास अथवा कायमचा निरुपयोगी झाल्यास, विरुद्ध करार नसेल तर पट्टा रद्द करण्याचा पर्याय पट्टेदाराकडे राहतो. आपत्ती त्याच्याच दोषाने ओढवली असल्यास मात्र ही सवलत नाही. ‘सैन्याचा अत्याचार’ हे शब्द वाचताना १६४७ मधील त्या हतभागी पट्टेदाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तथापि भाडेनियंत्रणाच्या काळात आपल्याकडे भाडेकऱ्याची चिंता उलट दिशेची झाली. पट्ट्यातून सुटावे कसे, ह्यापेक्षा घर गेल्यावर भाडेहक्क टिकावा कसा, ही त्याची विवंचना होय. आगीत दुकान नष्ट झाल्यास भाडेहक्कही संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी म्हटले होते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या एका अपिलात अधिक मोठ्या पीठाने ते मत अग्राह्य ठरविले. इमारत गेली तरी तिच्याखालील जमिनीमुळे भाडेसंबंध उरतो, असा निर्णय दिला. हक्क उरला, परंतु घर कोणी बांधावयाचे हा प्रश्नही त्याबरोबर उरलाच. भारतात एप्रिल २०२१ पासून विमाकंपन्यांना देऊ करावे लागणाऱ्या प्रमाणित गृहविम्यात भाडेकरू केवळ आपल्या सामानाचा विमा घेऊ शकतो. वास्तू आणि चीजवस्तू ह्यांच्यात १७१० च्या सुमारास पडलेली विभागणीच येथेही कायम आहे.

एवंच, विमा हा नुकसानीचा पैसा पुरवितो. त्या पैशाने घर उभे राहावे की मालकाचे येणे भागावे, आणि ते घर उभे राहीपर्यंत भाडे कोणी सोसावे, हे मात्र कायदा व करार ह्यांनीच सांगावे लागते. अग्निन्यायालयाने दर वेळी दोन्ही पक्षांना समोर बसवून, बांधण्याची ताकद कोणात आहे असे विचारले होते. विमापत्रावर बहुधा एकाच पक्षाचे नाव असते. दुसऱ्याने भाड्यातून भरलेला हप्ता त्यावर कोठेही लिहिलेला नसतो.