रस्टिन यांचे उतारवय आणि आपण

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हापासून अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्याला परका राहिलेला नाही. पण त्या लढ्यातील बायर्ड रस्टिन हे नाव आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख माणसे जमली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण सर्वांना ठाऊक आहे. त्या मोर्चाची सारी जुळणी दोन महिन्यांच्या आत केली ती रस्टिन यांनी. ते समलिंगी होते. त्यावरून १९५३ मध्ये त्यांना अटक झाली होती. १९६० मध्ये काळ्यांच्याच एका पुढाऱ्याने बदनामीची धमकी दिली आणि त्यांना किंग यांच्यापासून दूर व्हावे लागले. मोर्चाच्या तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी ती जुनी अटक भर सिनेटमध्ये उकरून काढली. या वेळी मात्र ए. फिलिप रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

१९७७ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, रस्टिन यांना वॉल्टर नेगल भेटले. लग्नाची सोय कायद्यात नव्हती. आजारपणात उशाशी कोण बसणार? मागे घर कोणाचे? म्हणून १९८२ मध्ये रस्टिन यांनी आपल्या जोडीदाराला रीतसर दत्तक घेतले. नाते एक, कागदावर दुसरे! समलिंगींच्या हक्कांसाठी ते व्यासपीठावर आले तेही उतारवयातच. २४ ऑगस्ट १९८७ रोजी ते वारले.

हे मी लांबून लिहीत नाही. मीही समलिंगी आहे. घरातला पहिला पदवीधर, म्हणून वस्तीला माझे कौतुक. १४ एप्रिलला भाषण माझेच. आई विचारते, "म्हातारपणी तुला पाणी कोण देईल रं?" मी गप्प बसतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा फास सोडवला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने आमच्या लग्नाचा हक्क नाकारला. आईच्या प्रश्नाला कायद्याकडेही उत्तर नाही.

ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांनी आपल्याच माणसाला अंधारात उभे करावे काय? बाबासाहेबांची बंधुता अशा वेळी कुठे जाते? चळवळीला माझे तरुणपण चालते. मग माझे म्हातारपणही तिने आपले मानले पाहिजे.

आईला वाचता येत नाही. तुम्हाला येते, म्हणून आधी तुम्हाला सांगितले.