कुत्र्याची कोरडी भाकर

संत नामदेवांच्या चरित्रांतील एक कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. कुत्र्यानें भाकर तोंडांत धरून पळविली, आणि नामदेव हातांत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. कोरडी भाकर त्या जीवाच्या घशाखालीं कशी उतरेल, ही त्यांची चिंता होती. परंपरेनें ज्या नरसी बामणीस नामदेवांचें जन्मस्थान मानिलें आहे, तें गांव १ मे १९९९ रोजीं हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें. भाविकांना या कथेंत भूतदया दिसते, आणि तें योग्यच आहे. परंतु तिच्यांत व्यवहाराचाहि एक प्रश्न आहे. कुत्र्याच्या तोंडीं अन्न पडलें एवढ्यानें नामदेवांचें समाधान झालें नाहीं; त्या अन्नांत काय उणें आहे, हें त्यांनीं पाहिलें.

आज शहरांतील पुष्कळ घरांत कुत्र्यापुढें भाकरीऐवजीं कारखान्यांतून आलेले, पाकिटांत भरलेले कोरडे दाणे ठेविले जातात. ते चांगले कीं वाईट हें ठरवावयाचें कसें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याचा इतिहास पाहिला म्हणजे कळतें कीं, त्याचा संबंध केवळ कुत्र्याशीं नाहीं. माणसाच्या पानांतील भाकरीशींहि आहे.

परभणी जिल्हा हा ज्वारीचा प्रदेश. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठच्या काळ्या जमिनींत पिकलेली ज्वारी माणसाचें अन्न, कडबा गुरांचा, आणि उरलेली भाकर दारच्या कुत्र्याची, अशी ही जुनी वांटणी होती. त्या कुत्र्याच्या अन्नाचा दर्जा कोणी पाहिला नाहीं, कारण तशी गरजच पडली नाहीं. भाकरीबरोबर त्यास कधीं ताक मिळे, कधीं वरणाचा तळ, कधीं सणाचें हाड. शेतांतला उंदीर तो स्वतः मारी. एका घासांतील उणीव दुसऱ्या घासानें भरून निघे. पाकिटाची गोष्ट निराळी आहे. आज, उद्यां आणि वर्षभर तेंच अन्न कुत्र्याच्या पोटांत जावयाचें असतें. त्यांत जें नसेल तें त्यास कोठूनहि मिळणार नाहीं. अन्नाच्या दर्जाचा प्रश्न उपस्थित होतो तो या ‘केवळ’ शब्दापाशीं.

असें तयार अन्न प्रथम विकलें गेलें तें इंग्लंडांत. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ इमारतींवर बसवावयाचे वीजवाहक विकण्यासाठीं लंडनला गेला होता. बंदरावर जहाजांतून टाकून दिलेलीं टणक बिस्किटें कुत्रीं आवडीनें खात आहेत, हें त्यानें पाहिल्याचें सांगतात. सन १८६० च्या सुमारास त्यानें गव्हाचें पीठ, बीट व इतर भाज्या आणि वाळविलेलें मांस यांची वडी करून ती शिकारी कुत्रे बाळगणाऱ्या धनिकांस विकण्यास आरंभ केला. धंदा भरभराटीस आला. याच पेढींत नोकरीस असलेल्या चार्लस क्रफ्ट यानें पुढें १८९१ सालीं लंडनमध्यें आपल्या नांवानें श्वानप्रदर्शन भरविलें, आणि तें जगप्रसिद्ध झालें. मात्र वडींतील मांस नेमकें कशाचें व कोठलें, हें स्प्रॅटनें अखेरपर्यंत उघड केलें नाहीं. गिऱ्हाइकांनीं विश्वासावर माल घेतला. टिकाऊपणा, सोय आणि पेढीचें नांव, एवढीच त्या काळची कसोटी होती.

ही कसोटी अपुरी आहे हें सिद्ध केलें तें प्रयोगशाळेंतील कुत्र्यांनीं. सन १९१७ मध्यें अमेरिकेंत चिटेंडन आणि अंडरहिल या शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांस कोरड्या बिस्किटांचा चुरा, वाटाणे आणि सरकीचें तेल एवढ्यावरच ठेविलें. पोट भरत होतें. तरी जनावरें खंगलीं, तोंडें सडलीं, आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांना होणाऱ्या पेलाग्रा रोगासारखीं लक्षणें त्यांच्यांत दिसूं लागलीं. याच सुमारास इंग्लंडांत एडवर्ड मेलॅन्बी यांनीं पिलांना मुख्यतः ओटच्या पेजेवर वाढविलें, तेव्हां त्यांस मुडदूस झाला. कॉड माशाचें तेल देतांच तो टळला. माणसाच्या मुलांचा मुडदूसहि अन्नांतील उणिवेशीं निगडित आहे, हें या पिलांवरून कळलें. सन १९३७ मध्यें कॉनराड एल्व्हेजेम यांनीं यकृतांतून काढलेल्या निकोटिनिक आम्लानें कुत्र्यांचा ‘काळी जीभ’ हा रोग बरा करून दाखविला, आणि तेंच औषध पेलाग्रा झालेल्या माणसांसहि लागू पडलें.

हा इतिहास लौकरच दक्षिणेंतील ज्वारीच्या मुलखांत येऊन पोंचला. पेलाग्रा हा मक्याचा रोग, अशी जगाची समजूत होती. पण हैदराबादच्या परिसरांत तो मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळत होता. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत याच हैदराबाद संस्थानांत होता, आणि दोहींकडचें मुख्य धान्य एकच होतें. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेंतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं असें मांडलें कीं, ज्वारींत ल्यूसिन नांवाचा प्रथिनाचा घटक फार असतो आणि तो शरीरांतील निकोटिनिक आम्लाच्या व्यवहारांत अडथळा आणतो. पुढें त्याच प्रयोगशाळेंत पिलांना ल्यूसिन अधिक असलेला आहार देऊन काळी जीभ उत्पन्न करण्यांत आली. ही उपपत्ति सर्वच शास्त्रज्ञांस मान्य झाली नाहीं. मात्र एक गोष्ट वादाच्या पलीकडे राहिली: ज्वारी दोषी नव्हती, दोषी होती ती केवळ ज्वारीवर जगावयास लावणारी गरिबी. जेथें भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे आणि पालेभाजी असे, तेथें तीच ज्वारी माणसास सुखानें पोसत असे. नामदेवांच्या वाटीचा अर्थ शास्त्रानें आपल्या भाषेंत पुन्हां सांगितला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत डब्यांसाठीं पत्रा मिळेनासा झाला, आणि डबाबंद मांसाची जागा कोरड्या खाद्यानें घेतली. सन १९५७ मध्यें तेथें आजच्या पद्धतीचे फुगीर दाणे बाजारांत आले. धान्याचें पीठ, मांसाची पूड आणि वाफ यांचा लगदा मोठ्या दाबाखालीं शिजवून सांच्याच्या छिद्रांतून बाहेर काढतात. दाब सुटतांच तो लाह्यांसारखा फुलतो. मग त्याचे तुकडे कापून ते सुकवितात, आणि शेवटीं त्यांवर चरबी फवारतात. उष्णतेनें कांहीं जीवनसत्त्वें नष्ट होतात, म्हणून तीं हिशेबानें अधिक घालावीं लागतात. ही कृति समजली म्हणजे एक भ्रम आपोआप दूर होतो. कुत्रा दाण्यांवर तुटून पडतो म्हणून दाणे उत्तम, असें पुष्कळांस वाटतें. पण तो ज्यावर भुलतो तो वरच्या चरबीचा वास असतो. आंत काय आहे, याची ग्वाही त्याचें नाक देऊं शकत नाहीं.

मग पाकिटावरील आंकड्यांवर विश्वास ठेवावा काय? येथें थोडें अंकगणित करावें लागतें. एका पाकिटावर प्रथिनें १८ टक्के आणि ओलावा १० टक्के, तर एका डब्यावर प्रथिनें ८ टक्के आणि ओलावा ८० टक्के लिहिलेला आहे, असें समजूं. घाईनें पाहणारा पाकीट श्रेष्ठ ठरवील. परंतु पाणी वजा केलें म्हणजे पाकिटांतील ९० भाग कोरड्या पदार्थांत १८ भाग, अर्थात् २० टक्के प्रथिनें निघतात. आणि डब्यांतील २० भाग कोरड्या पदार्थांत ८ भाग, अर्थात् ४० टक्के. अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या संघटनेनें कोरड्या वजनावर वाढ झालेल्या कुत्र्यास किमान १८ टक्के, आणि पिलांस व विणाऱ्या कुत्रीस किमान २२.५ टक्के प्रथिनें ठरविलीं आहेत. म्हणजे तेंच २० टक्क्यांचें पाकीट मोठ्या कुत्र्यास पुरेल, पण पिलास तें उणें पडेल. अमुक खाद्य चांगलें, एवढें म्हणणें अर्धवट आहे. कोणासाठीं चांगलें, हें त्यासोबत विचारलेंच पाहिजे.

घटकांच्या यादीचेंहि तसेंच आहे. मिसळतांना जें वजनानें अधिक तें यादींत आधीं लिहितात. ताजें मांस तीस किलो आणि ज्वारीचें पीठ पंचवीस किलो घातलें, तर मांसाचा मान पहिला. पण ताज्या मांसांत सुमारें सत्तर टक्के पाणी असतें. सुकविल्यावर त्याचे नऊ-दहा किलो उरतात, आणि पीठ मात्र बावीस-तेवीस किलो राहतें. पहिल्या नांवावरून अन्न मांसाचें समजणें हें पुस्तकाचें वेष्टन पाहून आंतल्या मजकुराची स्तुति करण्यासारखें आहे.

आंकडा खरा असला तरी त्याच्या मागील वस्तु खोटी असूं शकते, याचा धडा २००७ सालीं मिळाला. प्रथिनें मोजण्याची रूढ रीत १८८३ मध्यें कोपनहेगन येथें योहान केल्डाल यांनीं शोधिली. तींत प्रथिनें मोजलीं जात नाहींत. नत्र मोजतात आणि त्यास ६.२५ नें गुणतात. चीनमधील कांहीं व्यापाऱ्यांनीं गव्हाच्या प्रथिनाच्या नांवाखालीं मेलॅमीन मिसळलेलें पीठ विकलें. प्लॅस्टिकच्या धंद्यांतील या रसायनांत वजनाच्या दोन-तृतीयांश नत्र असतें, परंतु प्रथिन मुळींच नसतें. कसोटीस माल उतरला. अमेरिकेंत मात्र कुत्रीं व मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं, आणि मार्च १९०७ नव्हे, तर मार्च २००७ मध्यें, म्हणजे शास्त्राच्या ऐन भरभराटीच्या काळांत, लाखो डबे व पाकिटें परत घ्यावीं लागलीं. पुढच्याच वर्षीं चीनमध्यें तेंच रसायन तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत सांपडलें. सहा बालकें दगावलीं आणि सुमारें तीन लाख आजारी पडलीं. मुक्या प्राण्यांनीं वर्षभर आधीं दिलेला इशारा माणसांनीं पुरता ऐकला नव्हता.

असा इशारा आपल्या देशांतहि एकदां मिळाला होता. सन १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत दोनशेंहून अधिक गांवांत काविळीची सांथ आली. ३९७ रुग्णांपैकीं १०६ मरण पावले. त्याच घरांतलें अन्न खाणारीं कुत्रींहि तशींच मेलीं. कारण होतें पावसांत भिजून बुरशी आलेल्या मक्यांतील अफ्लाटॉक्सिन हें विष. परभणीच्या शेतकऱ्यास खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळीं पावसांत सांपडून काळी पडल्याचें दुःख चांगलें परिचित आहे. काळें पडलेलें प्रत्येक कणीस विषारी असतें असें नव्हे. तथापि खराब धान्य ‘जनावरांना चालेल’ म्हणून बाजूस काढण्याची जी संवय आहे, ती किती घातक ठरूं शकते, हें त्या सांथीवरून दिसतें. बुरशीचें हें विष सहन करण्याची शक्ति कुत्र्याच्या यकृतांत फार थोडी असते. म्हणून पाकिटाची तारीख, त्याचा सीलबंदपणा, आणि उघडल्यावर तें कोरड्या जागीं झांकून ठेवणें, या गोष्टी प्रथिनांच्या आंकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. खवट वास येणारें खाद्य, मग तें कितीहि महाग असो, टाकून देणेंच बरें.

परभणीस १८ मे १९७२ रोजीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. ‘परभणी मोती’ हें शुभ्र, टपोऱ्या दाण्याचें रब्बी ज्वारीचें वाण तेथलेंच. पशुवैद्यक महाविद्यालयहि याच शहरांत आहे. धान्याची पारख आणि जनावराची पारख अशा दोन्ही विद्या ज्या गांवीं नांदतात, तेथील माणसास पाकिटापुढें भांबावून जाण्याचें कारण नाहीं. पाकिटावर वय लिहिलेलें आहे काय, तें संपूर्ण आहार म्हणून विकलें जातें कीं केवळ खाऊ म्हणून, ओलावा वजा करून प्रथिनें किती उरतात, बनविल्याची तारीख कोणती, हें पहिलें वाचन. त्यानंतरची परीक्षा दुकानांत होत नाहीं. ती घरीं, दोन-तीन महिन्यांत होते. कुत्र्याची कांति, वजन, शौच, उत्साह आणि पिलाच्या पायांची ठेवण हींच अखेरचीं प्रमाणपत्रें. त्यांत बिघाड दिसला तर जाहिरातीपेक्षां पशुवैद्याचा शब्द प्रमाण मानावा.

स्प्रॅटच्या वडीपासून आजच्या दाण्यापर्यंत दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. प्रथम नांवावर विश्वास ठेविला गेला, मग पोट भरण्यावर, मग आंकड्यावर. प्रत्येक वेळीं चूक माणसाची झाली आणि तिची किंमत आधीं कुत्र्यानें भरली; त्या चुकांतून मिळालेलें ज्ञान मात्र माणसाच्या मुलांच्या कामीं आलें. हें ऋण फेडण्याचा मार्ग अवघड नाहीं. जो जीव आपलें अन्न स्वतः निवडूं शकत नाहीं, त्याच्यापुढें तें ठेवतांना त्यांत काय उणें आहे, एवढें पाहावें. तुपाची वाटी हातांत घेऊन धांवणाऱ्या नामदेवांनीं तेंच पाहिलें होतें.