ब्लॉकच्या काळातली मुखपृष्ठे

जुन्या छापील चित्रांना सध्या बरे दिवस आले आहेत. पुण्या-मुंबईतल्या नव्या उपाहारगृहांच्या भिंती, लग्नपत्रिका, टी-शर्ट, पुस्तकांची मुखपृष्ठे यांवर पिवळट कागद, किंचित सरकलेले रंग आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे ठिपके मुद्दाम आणलेले दिसतात. याला 'रेट्रो' म्हणतात. मलाही ती शैली आवडते. मात्र गेली काही वर्षे १९४५ ते १९७० या काळातले दिवाळी अंक भिंग घेऊन पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. आज आपण ज्याची नक्कल करतो, त्यातले बरेचसे त्या चित्रकारांनी काढलेलेच नव्हते. मग त्यांनी काढले ते काय, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी आधी छपाईकडे पाहायला हवे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढची सहा-सात दशके हे अंक मुख्यतः खिळे आणि ब्लॉक यांवर छापले गेले. नुसत्या रेषांचे चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर 'लाइन ब्लॉक' होई. छायाप्रकाश असलेल्या चित्राला 'हाफटोन' लागे. जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके केले जात आणि ते धातूवर कोरले जात. खरखरीत कागदाला इंचाला साठ-पासष्ट ओळींची जाळी, तर गुळगुळीत आर्ट पेपरला एकशेवीस किंवा त्याहून बारीक. बारीक जाळी साध्या कागदावर वापरली, तर शाई पसरून चित्राचा चिखल होई. रंगीत चित्रासाठी पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार ब्लॉक लागत आणि एकरंगी यंत्र असेल तर तोच कागद चार वेळा यंत्रातून काढावा लागे. ब्लॉकचा हिशेब चौरस इंचावर होई. म्हणजे प्रत्येक वाढीव रंगाला आणि प्रत्येक वाढीव इंचाला किंमत होती.

आता रेट्रोच्या तीन खुणा तपासून पाहू. पहिली पिवळट पार्श्वभूमी. लगद्याच्या स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे तो हवा-उजेड लागून पिवळा पडतो. अंक स्टॉलवर आला त्या दिवशी तो असा नव्हता. दुसरी सरकलेले रंग. दिवाळी अंकाची छपाई पावसाळ्याच्या शेवटी चाले. दमट हवेत कागद फुगे, दोन रंगांच्या छपाईत त्याचे माप बदले आणि लाल रंग ओठांच्या बाहेर जाई. ते टाळण्यासाठी मशीनमन जिवाचे रान करी. तिसरी खूण म्हणजे ठिपके. ते लपावेत म्हणून तर आर्ट पेपरचा खर्च केला जाई. थोडक्यात, एक खूण काळाची, दुसरी चुकीची आणि तिसरी मर्यादेची. चित्रकाराची यांतली एकही नाही.

चित्रकाराची खूण कोठे सापडते, हे पाहण्यासाठी एकाच यंत्रापुढे उभे राहिलेल्या चार जणांकडे पाहावे.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मूळचे गोव्यातल्या मडगावचे. १९४५ मध्ये त्यांनी 'दीपावली' सुरू केला. स्वतःच्या अंकाचा चित्रकार-संपादक झाल्यावर कागद, ब्लॉक आणि चित्र यांचा हिशेब त्यांच्या एकाच टेबलावर आला. दलालांची मुखपृष्ठे दुरून पाहावीत. एक मोठा, ठाशीव आकार, त्याला लयदार कडा आणि मागे शांत मोकळी जागा. पुढे प्रत छापताना रंग थोडा उणा-अधिक झाला, तरी चित्र ढळत नाही, कारण त्याचा भार रंगच्छटांवर नसून आकृतीवर आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'तली त्यांची चित्रे अनेक घरांत शिवकालाची पहिली ओळख ठरली.

रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची वाट नेमकी उलटी होती. स्प्रेने उडवलेल्या रंगाची मऊ, सांधा न दिसणारी छटा हे त्यांचे वैशिष्ट्य. देवदेवतांची कॅलेंडरे, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे आणि स्वतःचा 'रत्नप्रभा' दिवाळी अंक अशी त्यांची मोठी दुनिया होती. असे चित्र हाफटोनची कसोटी पाहणारे असते, कारण उजळ भागातले बारीक ठिपके सहज गळून पडतात. तरीही वाचकाला ती चमक हवी होती आणि मुळगावकरांनी ती दिली. आजच्या रेट्रोत मला मुळगावकर फारसे दिसत नाहीत. 'जुने म्हणजे सपाट रंग' ही आपली समजूत बरीचशी त्या काळच्या अमेरिकी-युरोपीय भित्तिचित्रांवरून आलेली आहे. मराठी जुनेपण त्यात पुरते मावत नाही.

सपाट रंगाचा खरा धनी शोधायचा, तर शि. द. फडणीस यांच्याकडे जावे लागेल. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचे त्यांचे एक चित्र अनेकांना आठवत असेल : तिच्या साडीवर मांजरे, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदीर. एकही शब्द नाही आणि विनोद पुरा. या चित्रांतली जाड काळी रेषा भिंगाखाली पाहिली की एक व्यावहारिक शहाणपण दिसते. दोन रंगांची शिवण त्या रेषेखाली झाकली जाते, त्यामुळे रंग केसभर सरकला तरी कळत नाही. पुढे शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही हीच स्वच्छ मांडणी मुलांच्या हाती गेली.

आणि वसंत सरवटे (१९२७–२०१६). पेशाने अभियंता असलेल्या सरवट्यांनी पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'साठी आणि 'ललित'च्या दिवाळी अंकांसाठी चित्रे काढली. त्यांची बारीक रेषा लाइन ब्लॉकमध्ये मजकुराच्या शेजारी बसे, त्याच शाईत आणि त्याच कागदावर. म्हणून ती मजकुराला चिकटवलेली न वाटता लेखनातलीच एक ओळ वाटते.

अक्षरांचीही गोष्ट अशीच आहे. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या यांमुळे देवनागरी खिळ्यांचा पसारा मोठा. शीर्षकासाठी नाना वळणांचे मोठे टाइप ठेवणे छापखान्याला परवडणारे नव्हते. म्हणून शीर्षक हाताने लिहून त्याचा ब्लॉक करत. या अडचणीतूनच मराठीत अक्षरलेखनाची समृद्ध परंपरा वाढली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावालाच नाटकाचा स्वभाव दिला. अक्षर हसरे, भेदरलेले किंवा करारी असू शकते, हे मराठी वाचक वर्तमानपत्राच्या पानावर शिकला.

चौघांची उत्तरे वेगळी, पण प्रश्न एकच : इतक्या थोड्या साधनांत वाचकापर्यंत काय पोहोचवायचे आणि काय सोडून द्यायचे? माझ्या मते त्या काळाचे सौंदर्य या निवडीत आहे. आज संगणकावर लाखो रंग फुकट मिळतात. कोणी तरुण चित्रकार त्यांतले दोनच घेऊन, शीर्षक स्वतः लिहून, कथेशी बोलणारे मुखपृष्ठ करतो, तेव्हा त्यावर एकही ठिपका नसला तरी तो या परंपरेतला असतो. आणि नव्या कोऱ्या चित्रावर पिवळेपणाचा थर चढवला, तर ते जुन्याचे फक्त वय उसने घेते.

हा भेद केवळ रुचीचा नाही. ऑफसेट आल्यावर जस्त-तांब्याचे ब्लॉक भंगारात गेले. मूळ चित्रे काम झाल्यावर जपून ठेवण्याची पद्धत बेताचीच होती. त्यामुळे कित्येक चित्रांचा एकमेव पुरावा म्हणजे छापील अंक, आणि त्याचे पान आता उलटताना तुटते. ग्रंथालयांच्या ज्या नोंदवह्या मी पाहिल्या, त्यांत अंकाचे नाव आणि वर्ष असते, कोठे संपादकही. मुखपृष्ठ कोणाचे, याला रकानाच नसतो. तीच चित्रे आज निनावी होऊन पोस्टर आणि कपबशांवर फिरतात. शैली टिकली आणि ज्यांनी ती घडवली त्यांची नावे गळाली, तर आपण नेमके कशाचे कौतुक करतो आहोत?

काम अवघड नाही. ग्रंथालयांनी नोंदीत 'मुखपृष्ठ' आणि 'सजावट' असे दोन रकाने वाढवावेत. जुने चित्र वापरणाऱ्याने परवानगी घ्यावी आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव छापावे. घरच्या माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत देण्याआधी आपण अनुक्रमणिकेचे पान उघडून पाहावे. मुखपृष्ठ कोणाचे, ते बहुधा तिथेच, अगदी बारीक टाइपात, छापलेले असते.