आधीं आचार, मग विचार

मनुष्याचा विचार बदलला म्हणजे त्याचा आचार आपोआप बदलतो, अशी आपणां सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून कचेरींतील मंडळींच्या वागण्यांत सुधारणा करावयाची झाली कीं आपण प्रथम उपदेशाकडे वळतों. कोल्हापूरच्या इतिहासांत मात्र याच्या उलट क्रमानें चाललेला एक प्रयत्न आढळतो, व ज्यांच्या हाताखालीं चार माणसें काम करतात त्यांनीं तो अवश्य पाहण्यासारखा आहे.

छत्रपति शाहू महाराजांनीं १८९४ सालीं कारभार हातीं घेतला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें त्यांनीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. परंतु एखाद्यास जागा देणें निराळें आणि त्या जागेवर त्यास माणसासारखें वागविणें निराळें. ही अडचण ओळखून १९१९ च्या आरंभीं महाराजांनीं हुकूम काढला कीं, सरकारी नोकरींत आलेल्या अस्पृश्यांशीं मुलकी, न्याय व इतर खात्यांतील अधिकाऱ्यांनीं ममतेनें व समतेनें वागावें. ज्यांस हें मान्य नसेल त्यांनीं सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा, त्यांस पेन्शन मिळणार नाहीं. अधिकाऱ्यांच्या मनांत काय आहे याची या हुकुमांत चौकशी नव्हती. ते वागतात कसे, एवढेंच त्यांत विचारलें होतें.

महाराजांची दुसरी रीत याहून साधी होती. राजवाड्याच्या नोकरींतील गंगाराम कांबळे यांस पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनीं मारणारांस शिक्षा केली आणि कांबळे यांस चहाचें दुकान काढण्यास मदत दिली. पण अस्पृश्याच्या दुकानीं गिऱ्हाईक यावें कोठून? तेव्हां महाराज आपली गाडी दुकानासमोर उभी करीत, तेथला चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींसही देववीत. व्याख्यान नाहीं, शास्त्रार्थ नाहीं. कप मात्र ओठाला लागे.

या दोन रीतींपैकीं मन कोणती बदलते? फेस्टिंगर व कार्लस्मिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांकडून अतिशय कंटाळवाणें काम करवून घेतलें, व तें मनोरंजक असल्याचें पुढच्यास सांगावयास लाविलें. त्याबद्दल कांहींस एक डॉलर दिला, कांहींस वीस. पुढें एक डॉलर घेणारांसच तें काम अधिक बरें वाटूं लागलें! वीसवाल्यांस आपल्या खोट्याला पैशाचें कारण होतें. एकवाल्यांस तेवढें कारण न पुरल्यामुळें त्यांचें मनच कृतीच्या बाजूला झुकलें.

हा न्याय लाविला तर पेन्शनीची भीति हें वीस डॉलरांसारखें कारण ठरतें. ‘पोटासाठीं करतों’ असें म्हणून अधिकारी आपलें जुनें मत खुशाल जपूं शकतो. चहाच्या कपामागेंही राजाची मर्जी होती, हें खरें. तरी तेथें धमकी नव्हती, आणि जें इतरांनीं करावयाचें तें राजानें स्वतः आधीं केलें होतें. म्हणून मनापर्यंत पोंचण्याचा संभव तेथें अधिक.

तर मग तो कडक हुकूम व्यर्थ होता काय? मुळींच नाहीं. ज्यास रोज अपमान सोसावा लागतो त्यानें वरिष्ठांचें मतपरिवर्तन होईपर्यंत थांबावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? हुकूम हा आजच्या अन्यायासाठीं; कप हा उद्यांच्या मनासाठीं. कचेरी असो कीं कारखाना, चालकाला दोन्ही लागतात. फक्त नोकर हुकूम पाळतात एवढ्यावरून त्यांस तो पटला असें त्यानें समजूं नये, आणि जो कप आपण स्वतः उचलणार नाहीं तो दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.

महाराज ६ मे १९२२ रोजीं वारले. त्यांनीं आपल्या माणसांस काय सांगितलें याइतकेंच, त्यांच्यादेखत स्वतः काय केलें हेंही कोल्हापुरास आठवतें.